जुनी डिझेल गाडी: नुसतं गाळलेलं तेल की बायोडिझेल?

तळणीचं उरलेलं तेल गाळून थेट गाडीत घालावं, की त्यावर रासायनिक प्रक्रिया करून डिझेलसारखं पातळ इंधन, म्हणजे बायोडिझेल करावं? गाळणं सोपं, पण तेल डिझेलपेक्षा सुमारे १० पट घट्ट. म्हणून दुसरी टाकी आणि तेल ७० अंशांपर्यंत तापवायची सोय लागते. गाडी डिझेलवर सुरू करायची, इंजिन तापलं की तेलावर घ्यायची, बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर. हे शेवटचं विसरलात तर थंडीत तेल पाइपात थिजतं आणि सकाळी गाडी ढिम्म सुरू होत नाही.

बायोडिझेलला दुसरी टाकी नको. जुने रबरी पाइप तेवढे बदला, ते फुगतात. खटपट आधीची: १०० लिटर तेलाला साधारण २० लिटर मेथॅनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल), त्यात कॉस्टिक सोडा, ५५ अंशांवर ढवळणं. रात्रभरात तळाशी काळपट ग्लिसरीन बसतं, वर मधाच्या रंगाचा थर, तेच बायोडिझेल. मग धुणं, पाणी काढणं. मेथॅनॉल विषारी, त्याची ज्योत उजेडात दिसतसुद्धा नाही. हे काम स्वयंपाकघरात मुळीच नको.

तरी माझं मत बायोडिझेललाच. रोजच्या छोट्या फेऱ्यांत तेल तापेपर्यंत प्रवास संपतो. सतत लांब पल्ला असेल तर मात्र दुसरी टाकी बसवाच.