चामड्याची सॅडल: पोट पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका

सायकलच्या सॅडलच्या (सीटच्या) जाहिरातीत लिहिलं होतं, ‘अस्सल चामडं, जेमतेम वापरलेली, ब्रेक-इन झालेली, लांबच्या राइडसाठी तयार.’ फोटो चार होते आणि चारही वरून किंवा तिरके काढलेले. आमच्या गटातल्या एकाने ती सॅडल घेतली. हातात आली तेव्हा तुकतुकीत होती, नाकापासून मागच्या कडेपर्यंत ताठ. काही राइडमध्येच मधोमध झोळ पडला, शॉर्ट्सवर तपकिरी डाग उमटले आणि बैठकीची हाडं मागच्या लोखंडी पट्टीवर आदळायला लागली. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर एकच: ‘चामडं आहे, बसत गेलात की बसेल.’ हे उत्तर ऐकत ऐकत परतीची मुदत संपली.

हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण सगळी फसवणूक त्याच्या आडोशाला चालते. वाक्य अर्धं खरं आहे. चांगली चामड्याची सॅडल सुरुवातीला लाकडासारखी कडक असते आणि अंगाला यायला काहीशे किलोमीटर घेते. म्हणूनच घेणारा थांबतो, सहन करतो, दोष स्वतःच्या सवयीचा समजतो. पण ब्रेक-इनमध्ये, म्हणजे वापरून सॅडल अंगाला येताना, हाडांखाली दोन उथळ खळगे पडतात आणि चामडं किंचित लवचीक होतं, एवढंच. त्याने सॅडलची रुंदी वाढत नाही, सुटत आलेली रिव्हेट (चामडं धातूला ठोकणारा खिळा) धरत नाही आणि चामडं ताणणारा, आटे संपलेला बोल्ट पुन्हा लांब होत नाही.

आता त्या सॅडलचं पोट, म्हणजे खालची बाजू. टांगत्या चामड्याच्या सॅडलची रचना साधी असते. जाड चामड्याचा एकच तुकडा पुढे नाकाच्या तुकड्यावर आणि मागे वाकवलेल्या धातूच्या पट्टीवर रिव्हेटांनी ठोकलेला असतो. खाली रेल, म्हणजे सायकलला धरून ठेवणाऱ्या दांड्या असतात, मध्ये मोकळी जागा. फोम नाही, प्लास्टिकचं कवच नाही. नाकाखाली टेन्शन बोल्ट असतो. नट फिरवला की नाकाचा तुकडा पुढे सरकतो आणि चामडं ताणलं जातं. नव्या सॅडलमध्ये या बोल्टचं बरंचसं अंतर शिल्लक असतं. या सॅडलमध्ये नट शेवटच्या आट्यावर होता. म्हणजे आधीच्या वापरात चामडं जेवढं ताणता येईल तेवढं ताणून झालं होतं, पुढे सरकायला जागाच नव्हती. नाकाजवळच्या दोन रिव्हेटांची भोकं गोल राहिली नव्हती, ओढून लांबट झाली होती, आणि एका भोकापासून कडेपर्यंत बारीक चीर गेली होती. खालचं चामडं काळपट, चिकट, तेल पिऊन फुगलेलं. अंगठ्याने दाबलं की खोल जात होतं.

मग ती ताठ कशी दिसली? मेलेली सॅडल काही दिवसांपुरती उभी करणं अवघड नाही. ती पाण्यात भिजवतात, ओली असताना हाताने आकार देतात, बाजू आत दाबून दोरीने किंवा पट्ट्याने बांधतात, बोल्ट टोकापर्यंत फिरवतात आणि उष्णतेने वाळवतात. ओलं चामडं मऊ असतं, वाळताना दिलेला आकार धरतं. वर बूट पॉलिशचे दोन-तीन हात दिले की ओरखडे आणि चिरा बुजतात. पण तंतूंमधला जोर गेलेलाच असतो. घाम आणि अंगाची ऊब लागली की आठवड्याभरात सगळं खाली येतं. शिवाय घाईने गरम वाळवलं तर नुकसान दुप्पट होतं. झाडाच्या सालीतल्या टॅनिनने (तुरट द्रव्याने) कमावलेलं ओलं चामडं साधारण ७० ते ८५ अंश सेल्सियसला आक्रसतं आणि मग ठिसूळ होतं. हेअर ड्रायर किंवा हीटर फार जवळ धरला तर काही ठिकाणी तिथपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. अशा सॅडलची कड वाकवून पाहिली तर बारीक तडे उमटतात.

म्हणून विक्रेत्याकडून चार गोष्टी मागायच्या आणि त्या मिळेपर्यंत पैसे द्यायचे नाहीत. पोटाचा सरळ फोटो. टेन्शन बोल्टचा जवळून फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, म्हणजे किती आटे उरलेत ते मोजता येतं. बाजूने फोटो, नाकापासून मागच्या कडेपर्यंत सरळ पट्टी टेकवलेली. पट्टीखाली थोडी फट असणारच, पण दोन बोटं आडवी सहज जात असतील तर आमच्या मते ती सॅडल सोडून द्यावी. आणि मधोमध अंगठ्याने दाबतानाचा छोटा व्हिडिओ. ज्याची सॅडल खरंच चांगली आहे तो हे आनंदाने करतो. ‘आत्ता सायकलवर लावलीये, काढता येणार नाही’ असं उत्तर आलं तरी सॅडल न काढताही पोटाचा फोटो घेता येतो, तेव्हा ती सबब मानू नका.

रेलवर क्लॅम्पचे ओरखडे असणं साहजिक आहे. त्यांनी घाबरू नये. वाक, गंजाचे खोल खड्डे किंवा जोडाजवळची चीर दिसली तर मात्र नको. जुन्या काही सॅडलना एका बाजूला दोन अशा चार तारा असतात. आजच्या बहुतेक सीटपोस्टचा (सॅडलखालच्या नळीचा) क्लॅम्प ७ मिलिमीटरच्या दोन गोल रेलसाठी असतो, चार तारांना वेगळा क्लॅम्प लागतो. हेही विक्रेते सांगत नाहीत.

नवीन सॅडलच्या नावाखाली होणारी फसवणूक वेगळ्या जातीची असते. एक प्रकार म्हणजे प्लास्टिकच्या कवचावर फोम आणि वर रेक्झिन, बाजूला शोभेच्या रिव्हेट ठोकलेल्या. पोट पाहिलं की कवच दिसतं, विषय संपला. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण रचना टांगतीच असते पण चामडं चुकीचं. बॉन्डेड लेदर म्हणजे चामड्याचा भुगा गोंदात मळून थापलेला पत्रा. त्यात लांब तंतू नसतात, त्यामुळे ताण आला की रिव्हेटपाशी पावासारखा तुटतो. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं खरं असतं, बुटांना आणि जॅकेटला उत्तम, पण मऊ आणि ताणलं जाणारं. टांगत्या सॅडलला ते फार लवकर झोळ देतं. लांब टिकणाऱ्या सॅडलना सालीतल्या टॅनिनने कमावलेलं, ५ मिलिमीटरच्या आसपास जाडीचं चामडं लागतं.

ओळख कापलेल्या कडेवर आणि पोटावर होते. कड सलग तंतूंची, आतपर्यंत तपकिरी किंवा रंगवलेली असेल तर ठीक. मधली रेघ निळसर-राखाडी दिसली तर क्रोम. थर सुटे दिसले किंवा कापडाचा धागा दिसला तर रेक्झिन किंवा बॉन्डेड. पोटावर, जिथे रंग किंवा मेण नाही तिथे, पाण्याचा एक थेंब ठेवा. सालीने कमावलेलं चामडं तो हळूहळू पितं आणि डाग गडद होतो. प्लास्टिकवर थेंब तसाच बसून राहतो. ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्यावर भरवसा ठेवू नका. तो चामड्याच्या पातळ, खालच्या थरावरही मारलेला असतो.

नामांकित कंपनीचा छापही पुरावा नाही. सालीने कमावलेलं चामडं ओलं केलं की त्यावर कुठलाही ठसा नीट उठतो. १८६६ मध्ये बर्मिंगहॅमला सुरू झालेल्या ब्रुक्सचं नाव सगळ्यात ओळखीचं, तेव्हा उदाहरणादाखल त्यांची बी-१७ घ्या. रुंदी साधारण १७५ मिलिमीटर, लांबी २७५ च्या आसपास, स्टीलच्या रेलसह वजन अर्ध्या किलोपेक्षा थोडं जास्त. कोणी स्टीलच्या रेलची बी-१७ म्हणून साडेतीनशे ग्रॅमची सॅडल दाखवत असेल तर तिथेच थांबा. त्याच कंपनीची केंबियम रबर आणि सुती कापडाची असते, चामड्याची नाही. ती ‘चामड्याची’ म्हणून विकली जात असेल तर विक्रेत्याला एक तर माल कळत नाही किंवा त्याला सांगायचं नाही.

मापाबद्दल बोलायलाच हवं, कारण ‘चामडं अंगाचा आकार घेतं, कोणतीही चालेल’ ही थाप अगदी सभ्य दुकानदारही मारतात. कडक स्टुलावर पन्हळी पुठ्ठा ठेवा, त्यावर बसून सायकलवर झुकता तेवढं पुढे झुका, पाय जरा उचला, मिनिटभर थांबा. पुठ्ठ्यावर दोन खळगे पडतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. आता सॅडल उलटी करून मागच्या धातूच्या पट्टीच्या दोन आतल्या कडांमधलं अंतर मोजा. हाडांचे मध्य या कडांच्या आत, दोन्हीकडे किमान बोटभर जागा सोडून आले पाहिजेत. धातूवर हाड टेकत असेल तर हजार किलोमीटरनंतरही ती जागा मऊ होणार नाही, कारण तिथे चामडं टांगलेलं नसून ठोकलेलं आहे. दुकानात जाहिरातीची एकूण रुंदी सांगतात, ही आतली रुंदी कोणी सांगत नाही.

पार्सल आलं की उघडताना व्हिडिओ काढा, आणि मेण, तेल, क्रीम काहीही लावू नका. एकदा काही लावलं की ‘तुम्हीच खराब केली’ म्हणायला मोकळीक मिळते. ओलसर पांढरं फडकं वरून घासा. रंगवलेल्या चामड्याचा थोडा रंग उतरू शकतो, पण पॉलिश असेल तर जाड थर येतो आणि वासही येतो. रेलना कापड गुंडाळून सॅडल लावा, नाक अगदी किंचित वर ठेवा, नाहीतर माणूस पुढे घसरतो. घरच्या घरी स्टँडवर अर्धा तास बसून पाहा.

तक्रार लिहिताना ‘टोचते’, ‘आरामदायक नाही’ असं कधीच लिहू नका. त्याला उत्तर ठरलेलं आहे. ‘जेमतेम वापरलेली असं वर्णन, प्रत्यक्षात टेन्शन बोल्टचे आटे संपलेले, नाकाच्या रिव्हेटपासून १२ मिलिमीटरची चीर, फोटो जोडले आहेत’ असं लिहा. मोजमाप असलेल्या तक्रारीला सवयीचं कारण देता येत नाही. जाहिरात काढून टाकली जाण्याआधी तिचे स्क्रीनशॉट ठेवा.

विक्रेता सॅडलसोबत ‘खास तेलाची’ बाटली देऊन रोज चोळायला सांगत असेल तर तेही सावधपणे घ्या. पातळ तेल, विशेषतः नीट्सफूट (गुरांच्या पायांच्या हाडांचं तेल), तंतूंमध्ये खोल शिरून चामडं कायमचं ढिलं करतं. मग सॅडल झोपली की खापर तुमच्या निगेवर. चरबी आणि मेणाचं घट्ट मिश्रण वापरा. ब्रुक्सच्या प्रूफाइडमध्ये टॅलो (जनावरांची चरबी), कॉड माशाचं तेल, मधमाश्यांचं मेण अशा गोष्टी असतात. सुरुवातीला वरून पातळ हात, पोटाला एकदा, रात्रभर ठेवून सकाळी मऊ फडक्याने पुसणं. पुढे वर्षातून दोन-तीनदा, पावसात भिजल्यावर एकदा जास्त. मागच्या चाकाचं पाणी थेट पोटावर उडतं, तेव्हा मडगार्ड हवंच, आणि सायकल उभी असताना वर प्लास्टिकची पिशवी. भिजलीच तर सावलीत, वाऱ्यावर, दोन दिवस वाळू द्या. ओली असताना तिच्यावर लांब राइड करू नका आणि बोल्टला हात लावू नका. पहिले काही महिने तर पाना घरीच ठेवा. झोळ स्पष्ट दिसला तरच पाव आटा, नटवर पेनाने खूण करून, मग थोडे दिवस चालवून पाहा. एकदम दोन-तीन आटे फिरवले की मध्ये धार येते आणि सगळा ओढा रिव्हेटच्या भोकांवर जातो. बाजू बाहेर फाकायला लागल्या तर खालच्या कडांना भोकं पाडून आतून दोरी ओवा. बोल्टपेक्षा तो उपाय सौम्य आहे.

फसलेली सॅडल परत जात नसेल तर फेकू नका. रेल आणि मागची पट्टी सरळ असतील तर जुन्या रिव्हेट ड्रिलने काढून नवं चामडं चढवता येतं. हे काम करणारे कारागीर असतात, त्यांना कड आणि जाडी दाखवून चामडं आधी तपासून घ्या. बर्थू या फ्रेंच कंपनीच्या सॅडलमध्ये चामडं रिव्हेटऐवजी स्क्रूंनी बसवलेलं असतं, तिथे वरचा तुकडा घरीही बदलता येतो.