प्राध्यापकांच्या हाताला वळण लावणारे पाठ: स्पोकन ट्युटोरियलचा दोन सत्रांचा अनुभव

तालुक्याच्या ठिकाणच्या आमच्या महाविद्यालयात मी शिकवण्याबरोबरच सहकारी प्राध्यापकांना संगणकाच्या कामात मदत करते. २०२० च्या टाळेबंदीत व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवण्यापलीकडे आमच्यापैकी बहुतेकांना काही करता आले नव्हते आणि ती खंत सर्वांच्याच मनात होती. त्यानंतर जी साधने आम्ही वापरून पाहिली, त्यांत मला सर्वांत उपयोगी वाटलेले साधन म्हणजे आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने त्याविषयी बरेच बोलले जाते. प्राध्यापकांना तो कितपत उपयोगी पडतो, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या निधीतून उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात लिब्रेऑफिस (कार्यालयीन कामासाठी), जिओजेब्रा (गणितातील आकृत्या व आलेखांसाठी), सायलॅब (शास्त्रीय आकडेमोडीसाठी), लाटेक (मजकुराच्या छपाईयोग्य मांडणीसाठी), मूडल (ऑनलाइन अभ्यासक्रम आणि चाचण्यांसाठी) अशा मुक्त सॉफ्टवेअरवरचे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत. ते पाहायला आणि उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत. पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडायचे, निवेदकाने एक कृती केली की पाठ थांबवायचा, तीच कृती आपण करायची आणि मग पुढे जायचे, अशी ही पद्धत आहे. वाचताना ती फार साधी वाटते, पण पाठ ज्या काळजीने बांधलेले आहेत त्यामुळेच ती साधते. आधी दोन रकान्यांची संहिता लिहिली जाते, एकात पडद्यावर काय दिसणार ते आणि दुसऱ्यात निवेदन. मग ते सॉफ्टवेअर कधीही न वापरलेल्या व्यक्तीकडून ती संहिता तपासून घेतली जाते आणि त्यानंतरच ध्वनिमुद्रण होते. तज्ज्ञाच्या तोंडून नकळत गाळली जाणारी एखादी पायरी इथे सहसा गळत नाही, याचे कारण हेच असावे.

अनेक मालिकांचे निवेदन मराठीसह इतर भारतीय भाषांत आहे. भाषांतर केवळ आवाजाचे होते; पडद्यावरचा मेन्यू इंग्रजीच राहतो. सुरुवातीला मला ही उणीव वाटली होती. परंतु कॅल्कचे, म्हणजे लिब्रेऑफिसमधील तक्ते आणि हिशेबांच्या सॉफ्टवेअरचे, मराठी पाठ ऐकणाऱ्या प्राध्यापकांना प्रयोगशाळेतल्या संगणकावर तोच मेन्यू, त्याच शब्दांत सापडत गेला, तेव्हा हा निर्णय योग्य असल्याचे पटले. अंतर्गत गुणांचे तक्ते वर्षानुवर्षे हाताने बेरजा करून भरणाऱ्या दोघांनी ते काम आता कॅल्कवर घेतले आहे.

मूडलच्या मालिकेचा अनुभव जरा सविस्तर सांगते. आमच्या मराठी विभागातील एक ज्येष्ठ सर प्रश्नसंचाचा पाठ लावून बसले होते. त्यांनी ‘पंचवटी’ या शब्दाचा समास ओळखा, असा चार पर्यायांचा प्रश्न तयार केला. मूडलमध्ये प्रत्येक पर्यायासाठी स्वतंत्र अभिप्राय लिहिण्याची चौकट असते. तिथे सर बराच वेळ थांबले आणि मग ‘द्वंद्व’ या पर्यायापुढे त्यांनी लिहिले, “‘पाच आणि वड’ असा विग्रह करून पाहा. अर्थ जुळतो का?” चौकट कुठे आहे हे पाठाने दाखवले होते, तिच्यात काय लिहायचे हे मात्र तीस वर्षे मुलांच्या चुका तपासलेल्या शिक्षकालाच सुचू शकते. तंत्रज्ञान अध्यापनाच्या कामी येते म्हणजे नेमके काय होते, हे मला त्या दिवशी समोर दिसले. सर नंतर म्हणाले, “मॅडम, मुलांना ‘पुन्हा एकदा दाखव’ असं तिसऱ्यांदा म्हणवत नाही. इथे दहादा मागे जाता येतं.” ज्येष्ठ प्राध्यापकांचा हा संकोच आपण फार कमी लेखतो.

काही मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. आम्ही वापरलेली मूडलची मालिका ३.३ या आवृत्तीवर आहे. २०२२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीत मांडणी बरीच बदलली, त्यामुळे ज्यांच्याकडे नवे मूडल आहे त्यांना पाठातील बटण जागेवर दिसत नाही. जुनी जागा आणि नवी जागा दाखवणारे एक पानी टिपण मी करून दिले, तेव्हा अडचण बरीच कमी झाली. सुरुवातीचे पाठ मूडल सर्व्हरवर बसवण्याविषयी आहेत. ते काम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच ते पाहावेत. विषयशिक्षकाने थेट अभ्यासक्रम तयार करण्याच्या पाठापासून आरंभ करावा. शिवाय हे पाठ सॉफ्टवेअर शिकवतात, अध्यापनपद्धती शिकवत नाहीत. चाचणी कोणत्या घटकानंतर घ्यावी किंवा तिचे निकाल पाहून पुढच्या तासाला काय बदलावे, यासाठी जवळ बसून बोलणारा सहकारी लागतोच.

पहिल्या सत्रात आम्ही एक चूक केली. एकच पाठ प्रोजेक्टरवर लावून सर्वांनी मिळून करायचे ठरवले, आणि प्रत्येकाचा वेग निराळा असल्याने निम्मे लोक मागे पडले. दुसऱ्या सत्रात पाठ आधीच उतरवून प्रत्येक संगणकावर ठेवले आणि प्रत्येकाला हेडफोन दिला. त्यामुळे इंटरनेट गेले तरी काम थांबले नाही. अडलेला प्रश्न पाठातील मिनिट आणि सेकंद नोंदवून विचारण्याची सोय प्रकल्पाच्या संकेतस्थळावर आहे, तिचाही उपयोग करावा.

दहा मिनिटांच्या पाठाला आमच्याकडे सरासरी पाऊण तास लागला. ज्या महाविद्यालयांना हे सुरू करायचे असेल, त्यांनी तो वेळ वेळापत्रकातच राखून ठेवावा, कारण तास संपल्यावर थकलेल्या शिक्षकाकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आम्ही शनिवारचे शेवटचे दोन तास ठेवले आहेत आणि येत्या सत्रात गणित विभाग जिओजेब्राच्या पाठांना हात घालणार आहे.