डीसी सर्व्होसाठी बनवून घेतलेला ८०० व्हीएचा टोरॉइड: वापरून बघितल्यावरचं मत

सरळ सांगतो, घरी बनवलेल्या सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटिंग मशीनवर) डीसी सर्व्हो मोटर लावणार असाल आणि त्यांना चालवणारे ड्राइव्ह ८० व्होल्टपर्यंत चालणारे असतील तर एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) मागे लागू नका, टोरॉइड म्हणजे गोल कड्यावर गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर बनवून घ्या. मी भोसरीतल्या एका छोट्या वाइंडिंगवाल्याकडून ८०० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँप) बनवून घेतला, प्रायमरीला (लाइनच्या बाजूला) २३० आणि २५० व्होल्टचे असे दोन टॅप म्हणजे जोडायच्या वायरी, सेकंडरी (आउटपुटची बाजू) ४० व्होल्ट २० अँप. पुढे एसीचं डीसी करणारा ब्रिज आणि दोन मोठे कपॅसिटर. पावसाळ्यापासून चालतोय, प्लाय, एमडीएफ, अधूनमधून ॲल्युमिनियम पण, आणि मी एकदम खूश आहे.

माझ्या या सीएनसी राउटरवर तीन सर्व्हो आहेत, प्रत्येकी १८० वॅट, गेकोड्राइव्ह कंपनीचे जी३२०एक्स ड्राइव्ह, ५ एमएम पिचचे (एका फेऱ्यात ५ एमएम सरकवणारे) बॉलस्क्रू. स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) व्हीएफडी नावाच्या दुसऱ्या ड्राइव्हवर वेगळा आहे, त्याचा इथे संबंध नाही. आधी ४८ व्होल्टचा एसएमपीएस होता (कंपनीचं नाव घेत नाही, सप्लाय म्हणून त्यात खोट नव्हती). पण रॅपिडला (न कापता नुसतं वेगाने सरकताना) गॅन्ट्री, म्हणजे सरकणारी आडवी चौकट, सुसाट जाऊन थांबली की सप्लायचा हिरवा दिवा विझायचा, सगळे ड्राइव्ह फॉल्टमध्ये, आणि मेन स्विच बंद करून परत चालू केल्याशिवाय काही हलायचं नाही. आता यात बघण्यासारखी गोष्ट अशी की ट्रिप वेग घेताना होत नव्हता, थांबताना होत होता. म्हणजे वॅट कमी पडत नव्हते, उलट मोटरकडून वीज परत येत होती आणि सप्लायला ती ठेवायला जागा नव्हती.

हिशोब करून बघा. ३० किलोची गॅन्ट्री मिनिटाला १५ मीटरने जाते तेव्हा तिच्यात जेमतेम १ ज्यूल असतो. खरी एनर्जी फिरणाऱ्या भागात असते, रोटर, कपलिंग आणि स्क्रू मिळून अर्धा किलो-चौरस-सेंटिमीटर इनर्शिया (फिरण्याचं जडत्व) धरला तरी ३००० आरपीएमला अडीच ज्यूल होतात. थांबताना यातलं थोडं घर्षणात आणि वाइंडिंगच्या उष्णतेत जातं, बाकीचं ड्राइव्हमधून मागे सप्लायमध्ये येतं. एसएमपीएसच्या आउटपुटला समजा २,००० मायक्रोफॅराड असतील तर ४८ व्होल्टला त्यात सव्वादोन ज्यूलच मावतात, वर अजून ३ ज्यूल आले की व्होल्टेज सत्तरच्या पार जायला निघतं आणि साठच्या आसपास ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन त्याला बंद पाडतं. प्रोटेक्शन आपलं काम चोख करतंय, सप्लाय या कामाचा नाही इतकंच. तेच माझ्या आताच्या सप्लायला २०,००० मायक्रोफॅराड आहेत, तिथे ५९ चे ६२ व्होल्ट होतात आणि पुढच्या हालचालीत ती वीज परत वापरली जाते. एसएमपीएसच ठेवायचा असेल तर आउटपुटला सिरीज डायोड, त्याच्या पुढे मोठा कपॅसिटर आणि जादा वीज उष्णतेत घालवणारं ब्रेक रेझिस्टरचं सर्किट लावावं लागतं, आणि एवढं सगळं करायचं तर मग टोरॉइडच का नको.

आता साइझिंग, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. लोक मोटरच्या प्लेटवरचा पीक करंट घेतात, माझ्या केसमध्ये १५ अँप, त्याला तीनने गुणतात आणि ४५ अँपचा सप्लाय शोधत बसतात. अहो, मोटरमधला अँप आणि सप्लायमधून येणारा अँप एक नसतो, ड्राइव्ह पीडब्ल्यूएमवर (करंट भराभर चालू-बंद करून) चालतो, हळू वेगात मोटर १५ अँप घेत असली तरी सप्लायमधून दोन-तीनच जातात, कारण वॅट म्हणजे टॉर्क गुणिले वेग. खरा ओढा वेग घेण्याच्या शेवटच्या टप्प्यात, तोही क्षणभर, आणि एक्स-वाय पळत असताना झेड (वर-खाली जाणारा) बहुतेक वेळा उभाच असतो. त्या क्षणाला टोरॉइड दुप्पट लोड सुद्धा सोसतो, व्होल्टेज थोडं खाली येतं बस. एसएमपीएस मात्र सव्वापट-दीडपटीच्या आतच हात वर करतो.

एक मात्र लक्षात ठेवा, ८०० व्हीए म्हणजे ८०० वॅट डीसी नाही. कपॅसिटर करंट झटक्याझटक्याने घेतो म्हणून एसी अँपच्या ०.६२ पट डीसी धरायचे, २० अँपच्या सेकंडरीतून १२ अँप. लोडवर ५४ व्होल्ट धरले तर साधारण ६५० वॅट, माझ्या ५४० वॅटच्या मोटरांना भरपूर. कपॅसिटरसाठी गेकोचं सूत्र आहे, ८०,००० गुणिले अँप भागिले व्होल्ट, म्हणजे १७,५०० मायक्रोफॅराडच्या आसपास, म्हणून १०,००० चे दोन, १०० व्होल्टचे.

आणि व्होल्टेज ठरवताना वरचं टोक आधी बघा. बरेच जण ८० चा ड्राइव्ह आहे म्हणून ५० व्होल्टची सेकंडरी मागतात. ५० गुणिले १.४१४ म्हणजे ७०.७, नो लोडला (काहीच ओढा नसताना) ५ टक्के वर, आणि आपल्याकडे लाइन २५० ला गेली की ८० च्या वर, अजून ब्रेकिंगची वीज आलेलीच नाही. ४० ला तोच हिशोब ६५ वर थांबतो. मोटरला ३००० आरपीएमला पीक टॉर्कसकट ४४ व्होल्ट लागतात, ते ४० च्या सेकंडरीतून आरामात मिळतात. मीटरवर नो लोड ५९, रॅपिडला ५२ पर्यंत खाली आलेलं दिसतं.

काम कसं केलंय? वाइंडिंग घट्ट, टेप एकसारखी, टॅपच्या प्रत्येक वायरवर स्लीव्ह आणि मार्करने आकडा लिहिलेला. मी फक्त व्होल्ट-अँप सांगितले होते, २५० चा टॅप त्याने स्वतःहून सुचवला, भोसरी भागात लाइन वर असते म्हणाला, आणि तोच टॅप मी आता वापरतोय. तासभर कटिंग झालं तरी हात ठेवता येतो इतपतच गरम. आवाज जवळजवळ नाही. तक्रार म्हटलं तर सेकंडरीच्या वायरी आखूड ठेवल्यात, पॅनलमध्ये ब्रिजपर्यंत नेताना जोड द्यावा लागला, आणि बसवायची रबर पॅड, डिश, बोल्ट काहीच दिलं नाही. किंमत एसएमपीएसच्या दीडपटीच्या आसपास गेली आणि वजन चांगलंच आहे, पॅनलच्या तळालाच बसवा. मधल्या बोल्टचं वरचं टोक पॅनलच्या धातूला लागू देऊ नका, लागलं तर एक शॉर्ट वेटोळं तयार होतं आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.

चालू करताना इनरश (पहिल्या क्षणाचा करंट) जबरदस्त आहे, साधा बी कर्व्हचा एमसीबी ब्रेकर पडणारच, सी किंवा डी कर्व्हचा घ्या आणि करंट हळूहळू चढवणारं सॉफ्ट स्टार्ट लावा. ब्रिज ३५ अँपचा, ॲल्युमिनियम प्लेटवर, कारण १२ अँपला तो वीसेक वॅट तापतो. कपॅसिटरवर २.२ किलोओहम ५ वॅटचा ब्लीडर (साठलेली वीज रिकामी करणारा रेझिस्टर) लावाच, बंद केल्यावर दोन मिनिटांत ५ व्होल्टच्या खाली येतं, तोपर्यंत पॅनलमध्ये हात घालू नका. ज्यांचे ड्राइव्ह ५० व्होल्टपर्यंतचेच आहेत त्यांनी हा ४० वाला घेऊ नका, सेकंडरी २८ सांगा, त्याने जास्तीत जास्त ४५-४६ होतात.