स्वतःचा राऊटर आणि ओपनडब्ल्यूआरटी: उन्हाळ्यापासून उत्तरायणापर्यंतच्या वापराचा अनुभव

जागा वडोदऱ्यातला दांडिया बाजार. जुनं घर, दीड फुटी भिंती, १०० एमबीपीएसचं फायबर. कंपनीचा ओएनटी (फायबर ज्यात येते तो डबा) ब्रिज मोडमध्ये, म्हणजे नुसता सिग्नल पुढे देणारा, आणि त्याच्या मागे स्वतःचा राऊटर: ८८० मेगाहर्ट्झची एमटी७६२१ चिप, २५६ एमबी रॅम, वर ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राऊटरवर टाकायचं मुक्त सॉफ्टवेअर. त्यावर एक गेमिंग पीसी, एक कन्सोल, टीव्ही आणि घरातले सगळे फोन.

निकाल आधीच सांगतो. गेम अडकतो म्हणून प्लॅन १०० चा ३०० करायचा विचार असेल, तर ते पैसे आधी राऊटरमध्ये घाला. प्रत्यक्ष खेळताना बहुतेक गेमना १ एमबीपीएसही पुरतो. मोठा प्लॅन कामाला येतो तो डाउनलोडला: १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी, म्हणजे ५० जीबीचा गेम उतरायला तास-सव्वा तास. ३०० वर त्यातला पाऊण तास वाचेल, पण मॅचमध्ये फरक पडणार नाही.

मॅच बिघडते ती घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी अपलोडमुळे. संध्याकाळी कुणी बाहेरून येतं, फोन वाय-फायला लागतो आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ बॅकअपला जायला लागतात. त्या क्षणी मुंबईच्या सर्व्हरचा १२ मिलिसेकंदांचा पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) २०० च्या घरात जातो. स्पीड टेस्ट मात्र नंतर १०० दाखवते, म्हणून तक्रार केली तरी उत्तर एकच येतं: लाइन ठीक आहे. कारण असं की, लाइनमध्ये मावत नाहीत ती पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) ओएनटी आणि राऊटर टाकून न देता बफरमध्ये साठवत राहतात. गेमचं चिमुकलं पॅकेट त्या शेकडो पॅकेटांच्या मागे रांगेत उभं राहतं. याला बफरब्लोट म्हणतात आणि मोठा प्लॅन घेतला तरी तो जातोच असं नाही.

यावरचा इलाज म्हणजे एसक्यूएम, पॅकेटांची रांग आवरणारी सोय, आणि ओपनडब्ल्यूआरटी घ्यायचं माझ्या लेखी हेच पहिलं कारण. सॉफ्टवेअरच्या यादीतून लुसी-ॲप-एसक्यूएम इन्स्टॉल करायचं. मग नेटवर्कच्या मेन्यूत एसक्यूएम उघडून इंटरफेस वॅनचा (बाहेरच्या नेटच्या बाजूचा) निवडायचा; पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्डचं लॉगिन, असेल तर पीपीपीओई-वॅन. वेग किलोबिटमध्ये भरायचा आणि तो प्लॅनचा आकडा नव्हे, तर गर्दीच्या वेळी, रात्री नऊ-दहाला, केबल लावून मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के. इथे दोन्ही बाजूंना ९०००० ठेवला आहे. रांगेची पद्धत केक, स्क्रिप्ट पीस ऑफ केक, लिंक लेयर इथरनेट, ओव्हरहेड ४४. हे केल्यावर रांग कंपनीच्या डब्यात न लागता आपल्या राऊटरमध्ये लागते आणि केक प्रत्येक प्रवाहाला पाळीपाळीने जाऊ देतो. बॅकअप चालू असतानाही पिंग १५ ते १८ वर थांबतो. त्यासाठी १० टक्के वेग सोडावा लागतो, आणि तो सोडण्यासारखाच आहे.

दोन ठिकाणी गाडी अडते. फायरवॉलच्या पानावर हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग चालू राहिलं तर पॅकेट एसक्यूएमला वळसा घालून जातात आणि सेटिंग असून नसल्यासारखं होतं. ते बंद हवं. दुसरं म्हणजे केक सगळं काम प्रोसेसरवर करतो. १०० ला ही चिप सहज पुरते, ३०० ला ती धापा टाकते. तेव्हा मोठा प्लॅन असेल तर एआरएम प्रोसेसरचा राऊटर बघा.

पिंगला एक तळ असतो, हेही लक्षात ठेवावं. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. वडोदरा ते मुंबई सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद तर भौतिकशास्त्रच घेतं. उरलेले वाटेतली उपकरणं घेतात. सिंगापूरचा सर्व्हर असेल तर मुंबईपासून पुढे आणखी ४० च्या खाली काही येत नाही. 'गेमिंग प्लॅन' विकणाऱ्याला हे दोन आकडे विचारून बघावेत.

आता नॅटचा, म्हणजे एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक उपकरणं चालवण्याचा, प्रश्न. राऊटरच्या वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात: एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलेला. कन्सोल मग नॅट 'स्ट्रिक्ट' दाखवतो, मित्राने बनवलेल्या लॉबीत जाता येत नाही, आवाज येत नाही. अशा वेळी पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरून येणारं ठरावीक उपकरणाकडे वळवण्याचे) व्हिडिओ बघत बसू नका. दार कंपनीच्या उपकरणावर बंद आहे, आपल्या राऊटरवर नाही. मार्ग दोन. पहिला आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, ज्यांत अशी वाटणी लागत नाही: कंपनी देत असेल तर ते राऊटरवर चालू करा. एक्सबॉक्स ते वापरतो, आणि ओपनडब्ल्यूआरटीची फायरवॉल बाहेरून येणारं मुळातच अडवते, त्यामुळे घर उघडं पडत नाही. दुसरा मार्ग पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे कायमचा स्वतःचा सार्वजनिक पत्ता, घ्यायचा. तो मिळाला की कन्सोलला कायमचा स्थानिक पत्ता द्या आणि त्याच्याकडे यूडीपी पोर्ट ३०७४ (एक्सबॉक्सचा) वळवा. यूपीएनपी मात्र बंदच असू दे, कारण त्यातून घरातला कुठलाही स्वस्तातला कॅमेरा न विचारता पोर्ट उघडू शकतो. सीजीनॅटचा एक फायदा मानायला हवा: थेट एकमेकांना जोडणाऱ्या गेममध्ये समोरच्याला दिसतो तो सगळ्यांचा सामायिक आयपी, फक्त तुमचा नव्हे. त्याची किंमत म्हणजे शेजारच्या कुणाच्या उद्योगामुळे कधीकधी तुम्हाला कॅप्चा सोडवावे लागतात.

प्रायव्हसीच्या बाबतीत ब्रिज मोडने खरा फरक पडतो. कंपनीचा डबा राऊटर म्हणून चालतो तेव्हा टीआर-०६९ सारख्या सोयीतून दूरवरून त्याची सेटिंग बदलता येतात आणि घरात कोणकोणती उपकरणं आहेत हेही दिसू शकतं. ब्रिजमध्ये ओएनटी कंपनीच्याच ताब्यात राहतो, पण त्यामागचं घर तुमचं. लाइनमनकडून पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (लाइनवरच्या नेटच्या कप्प्याचा) नंबर लिहून घेतल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका. जिथे हा नंबर लागतो तिथे तो नसला तर लॉगिन होतच नाही आणि दोष नव्या राऊटरवर जातो.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधणारी सेवा) एचटीटीपीएस-डीएनएस-प्रॉक्सीतून, एन्क्रिप्ट करून, क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ कडे पाठवला आहे. त्यामुळे कंपनीच्या डीएनएसला साइटचं नाव कळत नाही. पण कनेक्शन सुरू होताना ते नाव बहुधा उघडंच जातं आणि आयपी तर दिसतोच, तेव्हा 'आता काहीच दिसत नाही' यावर विश्वास ठेवू नका. डीएनएसने गेमचा पिंगही कमी होत नाही. नाव सापडलं की त्याचं काम संपलं. व्हीपीएनने (दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेट नेल्याने) पिंग उलट वाढू शकतो. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितल्यावर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून टाकले. त्यांचा 'इंडिया' सर्व्हर आता सिंगापूरसारख्या ठिकाणी असतो. मुंबईचा गेम सिंगापूरमार्गे खेळण्यात काय हशील?

वाय-फायवर फार लिहीत नाही. या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ एका खोलीपलीकडे टिकत नाही आणि २.४ वर अख्खी पोळ (आजूबाजूची दाट वस्ती) बोलत असते. तिथे चॅनल १, ६ किंवा ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. पीसी आणि कन्सोलला कॅट ६ ची तारच हवी. तार टाकल्यावर लिंक १००० ऐवजी १०० दाखवत असेल तर क्रिम्पिंग (तारेच्या टोकाला दाबून बसवलेला कनेक्टर) तपासा: गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच, त्यामुळे एखादी जोडी सुटली तरी नेट चालू राहतं आणि दोष लपतो.

राहिली बाहेरची तार, आणि ती कुठल्याच राऊटरच्या हातात नाही. गच्चीवरून घरात येणारी फायबरची ड्रॉप केबल उत्तरायणात (गुजरातेतल्या संक्रांतीच्या पतंगांत) मांजात अडकते, ओढली जाते आणि क्लॅम्पजवळ मुडपते. नेट लगेच जाईलच असं नाही. ओएनटीच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा: उणे १८ ते उणे २४ डीबीएम चांगलं, उणे २७ च्या पलीकडे लाइन तुटायला लागते. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे उणे १९ चा उणे २५ झाला तर पाव उरला. सणाच्या आधीचा आकडा लिहून ठेवा आणि वासी उत्तरायणानंतर (सणाच्या दुसऱ्या दिवसानंतर) ताडून बघा. तक्रारीत 'स्लो चालतंय' म्हणण्यापेक्षा हे दोन आकडे दिले की लाइनमन स्प्लायसिंगचं (फायबर जोडायचं) मशीन घेऊनच येतो. हिरवं कनेक्टर निळ्यात घालू देऊ नका. हिरव्याचं टोक ८ अंशांत घासलेलं असतं आणि दोन्ही एकमेकांवर नीट बसत नाहीत.

पावसाळ्यात लाइट जाते तेव्हासाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, पण ओएनटी आणि राऊटर दोन्हींच्या ॲडॉप्टरवरचे अँपिअर बेरीज करून. २ अँपिअरच्या यूपीएसवर १ आणि १.५ चे दोन डबे लावले, तर बॅटरी भरलेली असूनही भार वाढला की राऊटर रीस्टार्ट होतो.