जी६पीडी: ‘ए मायनस’ आणि ‘मेडिटरेनियन’

तांबड्या पेशीला केंद्रक नसतं, म्हणून ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही. सुरुवातीला मिळालेलं जी६पीडी, म्हणजे पेशीला ऑक्सिडीकरणाच्या इजेपासून वाचवणारं एन्झाइम, तिला सुमारे १२० दिवस पुरवायचं असतं, म्हणून जी६पीडीमधला छोटा बदलही महागात पडतो.

अशा बदलाचा एक प्रकार म्हणजे आफ्रिकेतला ‘ए मायनस’: त्यात एन्झाइमच्या साखळीत ६८व्या जागी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन येतं. एन्झाइम लवकर मोडतं. प्रायमाक्विन हे मलेरियाचं औषध घेतल्यावर म्हाताऱ्या पेशी फुटतात, तरुण बहुधा तग धरतात.

‘मेडिटरेनियन’ या दुसऱ्या प्रकारात १८८व्या जागी सेरिन जाऊन फेनिलअॅलनिन येतं आणि तरुण पेशींतही एन्झाइम जेमतेमच. असं औषध घेतल्यावर पेशी फुटून लघवी काळ्या चहासारखी होऊ शकते. मला हाच जास्त धास्तीचा वाटतो, आणि तो भारतातही आढळतो.

चाचणीत मात्र ‘ए मायनस’ फसवतो: पेशी फुटून गेल्यावर लगेच तपासलं, तर उरलेल्या तरुण पेशींमुळे एन्झाइमचा आकडा ठीक दिसतो. काही आठवड्यांनी पुन्हा तपासायलाच हवं.