बोनचं ओतेल-द्यू: अर्धा दिवस काढूनच जा

मध्ययुगीन युरोप बघायचा म्हणून लोक किल्ले आणि कॅथेड्रल करतात, पण त्या काळात साधा माणूस आजारी कसा पडायचा, मरताना देवाकडे काय मागायचा, हे बघायचं असेल तर फ्रान्समध्ये बर्गंडी प्रांतातल्या बोन गावाला जा. तिथलं ओतेल-द्यू म्हणजे गरिबांसाठी बांधलेलं जुनं हॉस्पिटल. दिजों शहराहून ट्रेनने अर्धा तासपण लागत नाही. रस्त्यावरून इमारत अगदी साधी वाटते, आत चौकात गेलं की लाल पिवळ्या हिरव्या कौलांच्या नक्षीचं छप्पर दिसतं, त्याचेच फोटो सगळीकडे असतात. पण खरं बघण्यासारखं आत आहे.

हे हॉस्पिटल १४४३ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकचा चॅन्सलर (मुख्य कारभारी) निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन द सालँ यांनी स्थापन केलं. युद्धाने, लुटारू सैनिकांनी आणि दुष्काळाने इथली माणसं पार कंगाल झालेली. रोलँने दानपत्रात सरळच लिहिलंय की पृथ्वीवरची संपत्ती देऊन स्वर्गातली मिळवायची आहे. आज वाचताना हा हिशोब वाटतो, पण तेव्हाच्या श्रीमंत माणसाला आपल्या आत्म्याची खरोखरच काळजी असायची आणि त्यातून गरिबाला खाट मिळायची, मला तरी यात काही खोट दिसत नाही.

गरिबांचा हॉल म्हणजे ५० मीटर लांब वॉर्ड, वर उलट्या होडीसारखं लाकडी छत आणि छताच्या आडव्या तुळया रंगवलेल्या ड्रॅगनच्या जबड्यातून बाहेर येतात, मान वर करून नीट बघा. दोन्ही भिंतींना लाल पडद्यांच्या खाटा आहेत (आत्ताचं फर्निचर १९व्या शतकातलं आहे, पण मांडणी जुनीच) आणि तेव्हा एका खाटेवर दोन दोन पेशंट झोपवायचे. हॉलच्या टोकाला चॅपल (छोटं प्रार्थनागृह), म्हणजे उठता न येणाऱ्यालाही पडल्या पडल्या मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, ऐकता यावी. औषधं थोडीच होती, त्यामुळे शरीर वाचलं नाही तरी आत्मा वाचावा हा विचार अख्ख्या बांधकामात दिसतो. फरशीवरसुद्धा नवराबायकोची आद्याक्षरं एकमेकांत गुंफलेली आहेत.

१५व्या शतकातला चित्रकार रोखियर व्हान डर वायडन याचं 'अंतिम न्याय' (जगाच्या शेवटी देव सगळ्या माणसांचा निवाडा करतो तो प्रसंग) हे चित्र पूर्वी याच चॅपलमध्ये होतं, आता वेगळ्या अंधाऱ्या खोलीत आहे. इथे घाई करू नका. मधे देवदूत मिखाएल तराजू घेऊन उभा आहे आणि पापाचं पारडं खाली गेलंय. नरकाकडे जाणाऱ्यांना ओढायला एकही सैतान नाही, माणसं आपणच कोसळत चाललीयेत, चेहरे बघवत नाहीत. या चित्राला कपाटासारखी दारं आहेत, ती रविवारी आणि सणाला उघडायचे, बाकी दिवस बंद, आणि त्या बंद दारांवर दगडी मूर्तीसारखे करड्या रंगात रंगवलेले संत सेबास्टियन आणि संत अँटनी. सेबास्टियनला प्लेगसाठी साकडं घालायचे. अँटनीला राय नावाच्या धान्यावरच्या बुरशीने होणाऱ्या रोगासाठी, ज्यात हातपाय आगीत घातल्यासारखे जळायचे आणि काळे पडून गळायचे. एरवी रोज समोर असायचे ते हे दोघे, म्हणजे कुठल्या पेशंटला कोण दिसायला हवं हा विचार करून केलेलं काम आहे ते.

किचन आणि औषधांची खोली छान आहे पण तिथलं बरंचसं सामान नंतरच्या शतकांतलं, ते मध्ययुगीन समजून बघू नका. त्यापेक्षा संत निकोलाच्या खोलीत थांबा, अत्यवस्थ पेशंट इथे ठेवायचे, फरशीत काच बसवलीये आणि खालून ओढा वाहताना दिसतो, हॉस्पिटलची घाण त्यातूनच वाहून जायची. आणि हे सगळं फक्त जुन्या काळापुरतं नाही, गरिबांच्या त्या वॉर्डात पेशंट २०व्या शतकापर्यंत होते, हॉस्पिटल इथून १९७१ मध्ये हललं. ऑडिओ गाइड जरूर घ्या.