बरोकसाठी हॅमर्ड डल्सिमर: अखंड घोडी असेल तर घेऊ नका

हॅमर्ड डल्सिमर म्हणजे हातोड्यांनी वाजवायचं, संतूरसारखं तारवाद्य. ‘बरोकसाठी तयार’, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय संगीतासाठी तयार, म्हणून विकलेलं हे वाद्य ४१५ हर्ट्‌झला (बरोकसाठी आज रूढ असलेला खालचा सूर) छान बोलतं, खुंट्या घट्ट आहेत. पण डावी घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो आधार, अखंड पट्टीची आहे, आणि तिथेच सगळं बिघडतं.

त्या घोडीवरची तार दोन्ही बाजूंनी वाजते. लांबीचं प्रमाण ३:२, म्हणजे मधलं अंतर शुद्ध पंचमाचं (सा ते प), ७०२ सेंट. (सेंट म्हणजे सप्तकाचा १२०० वा भाग.) साथीचं हार्पसिकॉर्ड (पियानोआधीचं पट्ट्यांचं वाद्य) मात्र बहुधा वालोट्टी नावाच्या स्वरजुळणीत लावलेलं असतं. त्यात सहा पंचम शुद्ध आणि सहा सुमारे चार सेंटने आखूड. ६० सेंटीमीटरच्या तारेवर घोडी एक मिलिमीटर सरकली की पंचम १२ सेंटने बदलतो, म्हणजे चार सेंटसाठी एक तृतीयांश मिलिमीटर पुरतो. पण तेवढी हालचाल निवडक स्वरांपुरतीच हवी. अखंड पट्टी सरकवली की शेजारचे शुद्ध पंचमही बिघडतात. आपल्या संतूरला प्रत्येक स्वराची घोडी सुटी असते, त्यामुळे तिथे ही अडचणच येत नाही. विक्रेत्याकडे तक्रार केली तर उत्तर आलं, ‘कानाला सवय होईल.’ सुट्या घोड्यांचे पैसे वेगळे मागितले. मूळ किमतीतच त्या यायला हव्या होत्या!

हातोड्यांबद्दलचं मत मात्र बदललं. उघडं लाकूड आधी कर्कश वाटायचं, म्हणून चामडं चढवलं. साथीत तेच चामडं स्वराची सुरुवात पुसून टाकतं. आता चामडं फक्त संथ भागांसाठी. तारेवर डॅम्पर (नाद थांबवणारी गादी) नाही, त्यामुळे स्वरसंगती बदलताना तळहाताच्या कडेने तारा दाबाव्याच लागतात. मार्गिट उबेलाकर आणि फ्रान्सिस्का फ्लाइशांडेर्ल यांचं वादन नीट ऐका. विवाल्दीच्या १७२४ च्या ‘इल जुस्तिनो’ या ऑपेरामध्ये साल्तेरिओसाठी (डल्सिमरचा इटालियन प्रकार) स्वतंत्र भाग असलेली आरिया, म्हणजे एकल गीत, आहे. ती वाजवायला घेतली की हे सगळे दोष उघडे पडतात.

तारांचा खर्च धरूनच चाला. १७७२ मध्ये इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नीने ड्रेस्डेनला हेबेनश्ट्राइट या वादकाचं १८६ तारांचं पांटालेओन (मोठं डल्सिमर) पाहिलं, तेव्हा बहुतेक तारा तुटलेल्या होत्या आणि नव्या घालायला दरबार तयार नव्हता. इथे एका सुरात लावलेल्या चार तारांचा एक गट, म्हणून पंचवीस गटांना शंभर. जाड पितळी तारांचा एक जादा संच आधीच घेऊन ठेवा. सूर लावताना खालून वर या, मग तार घोडीजवळ बोटाने हलकी दाबा. घर्षणामुळे दोन बाजूंचा ताण वेगळा राहिलेला असतो, तो त्याने सारखा होतो. हे न करता घोडी सरकवली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चूक दिसेल.